तासाभराच्या अंतरातला घोडा : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

वही नवी, काम जुनं. घोडा घ्यायचा हे तीन वर्षं नुसतं बोलण्यात चाललंय. आता तारखा टाकून लिहायचं ठरवलं, म्हणजे काय काय मूर्खपणा केला ते नंतर वाचता तरी येईल.

हवा आहे ड्रेसाजसाठी घोडा. घरच्यांना समजावताना मी याला घोड्याचा रियाज म्हणते. २० बाय ६० मीटरचं मोजलेलं मैदान, कडेला अक्षरं, ठरलेल्या अक्षरापाशी ठरलेली चाल, आणि प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण. उड्या नाहीत, शर्यत नाही. चांगलं जमलं तर बघणाऱ्याला वाटतं, स्वार नुसता बसून आहे. मला ऑलिंपिकला जायचं नाही. पाच-सात वर्षं दोघांनी मिळून शिकत जावं, आसपासच्या स्पर्धांत लाज राखावी आणि सकाळी मला बघून कान मागे पाडू नयेत, एवढीच अपेक्षा.

शोध फक्त तासाभराच्या अंतरात घ्यायचा. यावर सरांशी, म्हणजे माझ्या कोचशी, वाद झाला. त्यांचं म्हणणं, "जवळ बघशील तर दहा घोडे, लांब बघशील तर हजार." हिशोब बरोबर आहे. पण त्या हजारांतल्या एकाकडेही मला आडवारी सकाळी सातला "जरा परत बघते" म्हणून जाता येणार नाही. व्हिडिओत घोडा एकदाच चालतो, आणि तोही ज्या दिवशी बरा चालला त्या दिवशीचा.

दलालीचंही आजच बोलून घेतलं. या व्यवहारात कोचला विकणाऱ्याकडून टक्का मिळू शकतो आणि तो शेवटी घेणाऱ्याच्याच खिशातून जातो. म्हटलं, "सर, तुमच्या वेळेचे पैसे मी देणार, पण तिकडून काही घ्यायचं नाही." सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तोंडावर विचारलंस ते बरं केलंस. बाकीचे नंतर पाठीमागे बोलतात."

वहीत घोड्यांची नावं लिहायची नाहीत, नावाने जीव गुंततो. २० बाय ४० च्या छोट्या मैदानाच्या कडेच्या अक्षरांनी ओळखायचं: ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. हा असला क्रम का, याचे किस्से ढीगभर आहेत, पटेल असा एकही नाही. आठ अक्षरं, आठ घोडे. तेवढ्यात जमलं नाही तर वही बंद.

८ जानेवारी

अकरा फोन. वय, उंची, तुमच्याकडे किती वर्षं आहे, का विकताय, पोटशूळ कधी झाला होता का, ट्रेलरमध्ये चढतो का. "का विकताय" या प्रश्नाला सगळ्यांकडे घोटून तयार केलेलं उत्तर असतं. "नाल कोण मारतं?" हा प्रश्न मात्र कुणालाच अपेक्षित नव्हता. तिघांचा नालबंद एकच निघाला, आणि तोच आमच्या पागेत येतो. जवळपास शोधण्याचा हा पहिला फायदा.

एकाने उंची "१५.६ हात" सांगितली. एक हात म्हणजे ४ इंच, आणि टिंबापुढचा आकडा इंचांचा, दशांशाचा नव्हे. १५.३ नंतर थेट १६ येतात. १५.६ उंचीचा घोडा जगात नाही. विक्रेत्याला घोड्याची उंची मोजता येत नसेल तर बाकी कशावर विश्वास ठेवायचा? नाव खोडलं.

१२ जानेवारी — घोडा ए

दहाला पोचलो. घोडा खोगीर चढवून, आयाळ विंचरून दारात उभा. शांत इतका की डोळे अर्धे मिटलेले. विक्रेता म्हणाला, "आत्ताच खोगीर टाकलंय, तुमचीच वाट बघत होतो."

तंगाच्या (खोगीर बांधायच्या पोटपट्ट्याच्या) मागे, पोटाच्या वळणावर केस चिकटलेले होते आणि त्यांच्या कडेला पांढरी रेघ. सुकलेला घाम. आत्ताच टाकलेल्या खोगिराखाली घाम सुकायला वेळ कुठून मिळाला? आम्ही येण्याआधी लांब दोरीवर गोल गोल पळवून त्याची मस्ती उतरवलेली असणार.

सर बसले, मीही बसले. चालला छान. पण मी बसले होते ते दमलेल्या घोड्यावर. उतरल्यावर गोड बोलून विचारलं, "परवा सातला येऊ का? पागेतून मीच काढते, खोगीरही मीच घालते." त्यावर त्यांच्या पुढच्या दोन आठवड्यांत एकही सकाळ मोकळी निघाली नाही.

पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: घोडा थंड बघायचा. पागेत उभा असताना, कुणी हात लावायच्या आत.

१९ जानेवारी — घोडा के

आज रात्री झोप येणार नाही.

के थंड बघायला मिळाला, विक्रेत्याची काही हरकत नव्हती. सात वर्षांचा, तांबूस, खच्ची केलेला, १६.१ हात. पागेतून काढला, चालवला, सगळं ठीक. मग विक्रेत्याचा स्वार बसला आणि दुडकी सुरू झाली. पुढचे पाय खांद्यातून सुटून यायचे आणि जमिनीला लागायच्या आधी क्षणभर हवेत थांबायचे. मागून जोर असा की माती उडून आमच्या पायांपर्यंत आली. सर एरवी घोडा बघताना फोन बघतात. आज फोन खिशात होता.

मी बसले. पहिल्या कोपऱ्यातच कळलं की ही दुडकी झेपायला माझी पाठ दहा वर्षांनी तरुण हवी. पण काय वाटलं म्हणून सांगू! नव्या गाडीत बसल्यासारखं हसू येत होतं.

तरी फोनवर साधी पदचाल स्लो मोशनमध्ये काढून आणली आहे. उद्या बघते.

२० जानेवारी

बघितली. चौदा वेळा बघितली.

पदचाल चार ठोक्यांची. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, आणि चारही ठोक्यांत अंतर सारखं. तबल्याच्या ठेक्यासारखं मोजता यायला हवं. केच्या चालीत एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ जोडीने उठतात. एक-दोन... तीन-चार... एक-दोन... तीन-चार. मान थोडी लांब सोडली की ठोके सुटे होतात. लगाम आवळला की परत जोडीला येतात. उंटासारखी ही चाल ड्रेसाजमध्ये मोठा दोष धरतात. आणि पुढच्या पातळ्यांवर लगाम आवळूनच चालायचं असतं.

सरांचं म्हणणं: "पदचालीचे गुण किती असतात? दुडकी बघ, दुडकी!" इथेच आमचं घोडं पेंड खायला लागलं. दुडकी शिकवून सुधारते. सर स्वतःच सहा वर्षं सांगत आलेत की मध्यम दुडकीच्या घोड्याला चांगला स्वार दोन गुण वर नेतो, पदचाल मात्र जन्माची घेऊन येतो आणि आपण ती फक्त बिघडवू शकतो. शिवाय त्यांनीच भिंतीवर लावलेली जर्मन शिक्षणाची पायरी: ताल, लवचीकपणा, लगामाशी संपर्क, जोर, सरळपणा, आणि सगळ्यात शेवटी अंग गोळा करणं. पहिली पायरीच ताल. मी हे म्हटलं तर म्हणाले, "माझंच मला ऐकवतेस." पण हसले.

केला अजून नाही म्हटलेलं नाही. पानाचा कोपरा दुमडून ठेवलाय.

२ फेब्रुवारी — घोडा ई

"नऊ वर्षांचा, नुकता भरात आलेला." ओठ वर करून वरच्या जबड्यातला कडेचा कातरदात बघितला. त्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक खाच दिसू लागते, पंधराच्या आसपास ती अर्ध्यावर येते आणि विशीत खालपर्यंत पोचते. ईची खाच अर्ध्याच्या खाली होती, तपकिरी, स्पष्ट. दातावरून वय हा अंदाजच, वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतात. सहा वर्षं होत नाहीत. घोड्याचा पासपोर्ट, म्हणजे ओळखीचे कागद, "शोधावा लागेल" म्हणाले.

वाईट याचं वाटतं की पंधरा वर्षांचा घोडा मला चालला असता. शिकलेला म्हातारा घोडा माझ्यासारखीला जे शिकवतो ते तरुण घोडा शिकवू शकत नाही. खरं सांगितलं असतं तर कदाचित घेतला असता.

९ फेब्रुवारी — एच

घोडी. मी आधीच सांगून ठेवलं होतं, घोडी नको. का नको? सगळे म्हणतात म्हणून. माजावर आली की लहरी होते, वगैरे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या लिस हार्टेलने ड्रेसाजचं रौप्यपदक मिळवलं ते घोडीवर, ज्युबिलीवर. पोलिओमुळे हार्टेलचे पाय गुडघ्याखाली निकामी होते. घोडीवर चढताना-उतरताना मदत लागायची. पोटऱ्यांचा इशारा देताच न येणाऱ्या बाईसोबत त्या घोडीने तो सगळा कार्यक्रम केला. हे सगळं मला ठाऊक असूनही फोनवर "घोडी नको" म्हणताना काही वाटलं नव्हतं.

विकणाऱ्या काकूंचे गुडघे गेलेत. पंचवीस वर्षं स्वतः घोडे पाळले, आता ही शेवटची. नऊ वर्षांची (कागद समोर ठेवले, दातही बघितले), गडद तपकिरी, १५.३ हात, पाठ थोडी लांब. पहिल्या नजरेत काहीच नाही. पागेत उभी राहून गवत खात होती. मी आत गेले तर एकदा बघितलं, आणि पुन्हा गवत.

आधी खूर. घोडा बघायचा तर खुरापासून सुरुवात करायची, हे झेनोफनने २३०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय: पाया खराब असेल तर वरचं घर कितीही देखणं असून उपयोग काय? पुढच्या दोन्ही खुरांची जोडी सारखी. नाला पाच आठवड्यांच्या, दोन्हीकडे सारख्या झिजलेल्या. मी नालांकडे बघतेय हे काकूंच्या लक्षात आलं. "मुद्दाम नव्या मारल्या नाहीत. झीज दिसू दे तुम्हाला," म्हणाल्या. एवढ्या सगळ्या विक्रेत्यांत झीज दाखवणाऱ्या पहिल्याच.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत नेली. कातडी थरथरली नाही, पाठ खाली गेली नाही. मग खोगीर. तंग ओढताना बघायचं असतं. पोटात व्रण असलेला किंवा पाठ दुखणारा घोडा तिथे बोलतो. पहिल्या भोकाला काही नाही. दुसऱ्याला तिने मान वळवली, माझ्या कोपराला नाक लावलं, जोरात उच्छ्वास सोडला आणि मान परत समोर. बाहीवर ओला गोल उमटला. मी तिसरं भोक ओढलं. ती उभी.

पदचाल: मागचा खूर पुढच्याच्या ठशापुढे चांगला वीतभर पडतो. ठोके चार, सुटे, सारखे. दुडकी सहा गुणांची, सर म्हणाले "साडेपाच". कॅन्टर (दुडकीच्या पुढची वेगाची चाल) उजवीकडे छान, डावीकडे जरा घाईचा. थांबवल्यावर मागचा उजवा पाय अर्धा वीत मागे ठेवून उभी राहते, तिन्ही वेळा तोच पाय. नोंद करून ठेवली.

घरी येताना सर म्हणाले, "बरी आहे." सरांच्या भाषेत याचा नक्की अर्थ काय, ते सहा वर्षांत कळलेलं नाही.

१३ फेब्रुवारी

सकाळी सातला, अर्धा तास आधी फोन करून. पाऊस. घोडी चिखलाने माखलेली, काकू हातात बादली घेऊन. चहापाणी नाही, तयारी नाही, तेच तर बघायचं होतं. तंग, तीच मान, तोच उच्छ्वास. पहिली पाच मिनिटं थंड पाठ घेऊन नीट चालली.

काकूंना सरळ विचारलं, "खोड काय आहे हिची?" उत्तर यायला वेळ लागला नाही. "ट्रेलरमध्ये चढायला वीस मिनिटं घेते. एकटी ठेवलीत तर ओरडून गाव गोळा करेल. आणि ताडपत्रीशी हिचं जुनं वैर आहे." दाराची कड बघितली, लाकूड कुरतडलेलं नाही. कातरदातांच्या कडा शाबूत. गळ्यावर पट्ट्याचा वण नाही, म्हणजे कड धरून हवा गिळायची सवयही नसावी.

फितीने मापं घेतली: छातीचा घेर १८८ सेंमी, लांबी १७०. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. आले ५०६ किलो. मी आणि खोगीर मिळून ७८, म्हणजे साडेपंधरा टक्क्यांच्या आत. वीसच्या वर जाऊ नये असं म्हणतात. दोघींनाही जेवणावर ताबा ठेवावा लागेल.

१६ फेब्रुवारी

तिसरी फेरी. काकूंच्या परवानगीने कुंपणाला ताडपत्री बांधली. वारा होता.

दुसऱ्या फेरीत ताडपत्री फडफडली आणि घोडी एका उडीत तीन हात आडवी गेली. माझी एक रिकीब सुटली, मानेवर आले. घाबरते का, हे मला बघायचंच नव्हतं, घाबरतात सगळेच. नंतर काय करते ते बघायचं होतं. चार पावलं ताठ चालली, पाठ दगडासारखी. मी लगाम सोडला नाही, आवळलाही नाही. एक वर्तुळ. कान ताडपत्रीकडे. दुसऱ्या वर्तुळात एक कान माझ्याकडे आला. तिसऱ्यात तिने नाक फुरफुरवलं आणि पाठ सैल सोडली. चौथ्यांदा ताडपत्रीजवळून गेली, नाक मुरडून, पण गेली.

मग सर बसले. पंधरा मिनिटांनी तिची दुडकी साडेसहाची दिसत होती. उतरल्यावर तिच्या मानेवर थाप मारत म्हणाले, "शिकायचंय हिला."

१७ फेब्रुवारी

नालबंदाला फोन केला. "कोण, काकूंची काळसर? तिच्या पायाशी बसून मी डबा खाईन." याहून मोठं प्रमाणपत्र त्याच्याकडे नाही. उद्या तिच्या नाला बदलणार आहे.

२२ फेब्रुवारी — वैद्यकीय तपासणी

जवळपास शोधण्याचा एक तोटाही लिहून ठेवते: सगळे एकमेकांना ओळखतात. घोड्यांचे डॉक्टर आसपास दोनच, त्यांतले एक काकूंच्या घोडीला वर्षानुवर्षं बघतात. त्यांच्याकडून तपासणी नको. माणूस चांगला आहे, पण त्यांचं अशील काकू आहेत, मी नाही. दुसऱ्यांना बोलावलं. काकूंनी मात्र जुने उपचारांचे कागद आपणहून दिले.

तपासणी पाच टप्प्यांची. आधी विश्रांतीत: नाडी ३६ (२८ ते ४४ ठीक), हृदय, फुप्फुसं, अंधाऱ्या पागेत बॅटरीने डोळे, दात, सगळं अंग हाताने चाचपून. मग कडक जमिनीवर सरळ चालवणं आणि दुडकवणं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं. मागचा असेल तर पुठ्ठा वर उचलला जातो. काही दिसलं नाही. एवढ्या वेळात मी माझी नखं खाऊन संपवली.

मग सांधे वाकवून धरण्याची परीक्षा. डॉक्टर एकेक पाय मिनिटभर वाकवून धरतात, सोडतात, आणि सोडल्यासोडल्या घोडा दुडकवायचा. पुढचे दोन्ही ठीक. मागचा डावा ठीक. मागचा उजवा सोडला, आणि पहिली पाच पावलं पुठ्ठा वर जाताना मलाही दिसला. सहाव्या पावलाला चाल सरळ झाली. डॉक्टर काही बोलले नाहीत, कागदावर लिहिलं. काकू कुंपणाला धरून उभ्या होत्या. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

त्यानंतर स्वारासह काम, मग थंड होऊ देणं, मग पुन्हा सरळ दुडकी. ताठ झाली नाही. रक्ताचा नमुना काढून सीलबंद ठेवला. पुढे चाल बदलली तर त्या दिवशी वेदनाशामक किंवा गुंगीचं औषध दिलं होतं का, ते तपासता येतं. काकूंनी सही केली, म्हणाल्या, "घ्या ना, दोन घ्या." शेवटी क्ष-किरण.

२४ फेब्रुवारी

उजव्या हॉकमध्ये, म्हणजे मागच्या पायाच्या मधोमध मागे वळलेला जो सांधा असतो त्यात, हाडाच्या कडेला थोडा बदल दिसतोय. तोही खालच्या छोट्या सांध्यांत. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं: हॉक हा एक सांधा नाही, सांध्यांची चवड आहे. वाकण्याचं जवळजवळ सगळं काम सगळ्यात वरचा करतो. खालचे फार थोडे हलतात; पुढे कधी ते आपसांत जुळून गेले तर बऱ्याच घोड्यांचं दुखणं तिथे थांबतं. वरच्या सांध्यात काही नाही.

मी विचारलं, "म्हणजे पास की नापास?"

"तसं काही नसतं. तुम्हाला तिच्याकडून काय करून घ्यायचंय?"

चार जानेवारीचं पान उघडून वाचून दाखवलं. "यासाठी मला चालेल असं वाटतं. वर्षानुवर्षं मागच्या पायांवर वजन घेऊन वरच्या पातळीची कामं करायची म्हणालात तर मी विचार करायला सांगेन. वार्म-अप लांब ठेवा, कडक जमिनीवर गोल फिरवू नका, आणि वर्षभराने परत क्ष-किरण काढू."

थांबताना तो उजवा पाय मागे का राहतो, त्याचं उत्तर बहुधा मिळालं.

आणि आजच संध्याकाळी केच्या विक्रेत्याचा फोन आला. किंमत उतरवलीय, पण शनिवारपर्यंतच. मी जेवताना गप्प होते म्हणून घरात विचारणा झाली. सांगितलं की एका बाजूला निरोगी पायांचा घोडा आहे ज्याची चाल बिघडणार, आणि दुसऱ्या बाजूला चांगल्या चालीची घोडी आहे जिचा पाय कदाचित बिघडेल. "मग कुणाकडे परत जावंसं वाटतं?" एवढंच विचारलं गेलं.

केकडे परत गेलेच नव्हते मी. पाच आठवड्यांत एकदाही नाही. त्याचा व्हिडिओ मात्र रोज बघत होते.

२५ फेब्रुवारी

केला नाही कळवलं. विक्रेता म्हणाला पस्तावाल. शक्य आहे.

२७ फेब्रुवारी

काकूंसोबत करार. रक्कम इथे लिहीत नाही. त्यांनी हॉकचा अहवाल वाचला आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच आकडा खाली आणला. तरी सगळं कागदावर घेतलं: घोडी कशासाठी घेतेय, त्यांना माहीत असलेल्या खोडी (ट्रेलर, ओरडणं, ताडपत्री, तिन्ही लिहिल्या), मागचे उपचार, तपासणीचा अहवाल जोडून, मालकी कोणत्या क्षणी बदलणार आणि वाटेत काही झालं तर जबाबदारी कुणाची. चांगल्या माणसांमध्ये करार कशाला, असं सर म्हणाले. चांगल्या माणसांमध्येच करायला हवा, नंतर बोलाचाली राहावी म्हणून. मायक्रोचिपचा क्रमांक पासपोर्टशी जुळवून घेतला.

सही झाल्यावर काकू पागेत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी गेले नाही बघायला.

८ मार्च

ट्रेलर. काकूंनी वीस मिनिटं सांगितली होती, पस्तीस लागली. शेवटी काकू स्वतः काठी टेकत फळीवरून आत चढल्या आणि घोडी त्यांच्यामागे शेळीसारखी गेली. आता हे रोज कोण करणार?

काकूंच्याच गवताचे भारे दहा दिवसांपुरते बरोबर आणले. पागा बदलली, माणसं बदलली. त्यात खाणंही एका दिवसात बदललं तर पोटशूळाला आमंत्रण. रोज थोडं जुनं कमी, थोडं नवं जास्त. साधारण १० किलो सुकं गवत दिवसाला, तीन-चार वेळा विभागून. बाकी घोड्यांपासून वेगळी ठेवलीय, दोन-तीन आठवडे. रोज दोनदा ताप बघायचा.

९ मार्च

रात्रभर ओरडली. पागेचा चौकीदार माझ्याशी बोलत नाही.

११ मार्च

वेगळं ठेवलंय तिथून तिला दुसरा घोडा दिसेल अशी जागा बदलून घेतली, मधे अंतर ठेवून. ओरडणं निम्म्यावर आलं. ताप ३७.८.

१५ मार्च

काकूंचा फोन. "खाते का?" खाते म्हटलं. "तंग ओढताना नाक लावते का?" अजून खोगीरच घातलं नाही म्हटलं. "बरं, बरं. घाई करू नका." दोन दिवसांनी परत येईल फोन.

३० मार्च

वेगळं ठेवण्याची मुदत संपली. गेले आठ दिवस हाताने चालवणं आणि रोज पंधरा मिनिटं ट्रेलरच्या फळीवर गवत खाऊ घालणं. आज पुढचे दोन पाय फळीवर ठेवून खात होती. फळी उचलायचा विचारही केलेला नाही.

खोगीर. पहिलं भोक, दुसरं भोक, कोपराला नाक, ओला गोल. वीस मिनिटं नुसती लांब लगामावर पदचाल, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. मग एपासून मधल्या रेषेत आत, एक्सपाशी, म्हणजे मैदानाच्या मधोमध, थांबणं. सर सी अक्षरापाशी परीक्षकासारखे खुर्ची टाकून बसले होते.

"चौकोनी नाही. मागचा उजवा मागे आहे."

एक पाऊल पुढे घ्यायला सांगितलं. घेतलं, पण डावा मागे राहिला. पुन्हा. पाचव्या वेळी चारही पाय चार कोपऱ्यांत आले, तीन सेकंदांसाठी. मग तिने माशी उडवायला उजवा मागचा उचलला.

नालबंद ३ एप्रिलला. त्या पायाची टाच दोन्ही बाजूंनी मोजायला सांगायचं. काकूंनाही यायचंय, त्यांना ट्रेलरची फळी दाखवायची.